झोपेची गोळी, नसांची गोळी आणि त्यावर ट्रामाडॉल: एकत्र घेतल्यास काय होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचे वय ७१, वजन ५२ किलो. मणक्याच्या जुन्या दुखण्यासाठी हाडांच्या डॉक्टरांनी ट्रामाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम यांची एकत्रित गोळी दिवसातून तीनदा दिली आहे. तळपायांच्या जळजळीसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडून प्रेगाबालिन ७५ आणि नॉर्ट्रिप्टिलिन १० ही रात्रीची गोळी आहे. झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.५ अनेक वर्षांपासून चालू आहे. याखेरीज एस्सिटालोप्राम १० (नैराश्यावरची गोळी), मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन आणि रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन आहे. मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.६ आले आहे. सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळीही सध्या दिवसातून तीनदा घेतली जाते. आई दिवसाही पेंगते आणि परवा रात्री बाथरूमकडे जाताना तिचा तोल गेला. दुखणे आटोक्यात येत नाही म्हणून आता आठवडाभर चालणारा ब्युप्रेनॉर्फिन या वेदनाशामकाचा त्वचेवर चिकटवायचा पॅच लिहून दिला आहे, परंतु केमिस्टने "झोपेच्या गोळीबरोबर हा जड जाईल, आधी डॉक्टरांना विचारून या" असे सांगून परत पाठवले. पॅच लावावा का, आणि यांतली कोणती गोळी बंद करावी?

केमिस्टने अगदी योग्य तेच केले. आहे त्या सगळ्या गोळ्यांवर हा पॅच आत्ता लावू नये, आणि त्याच वेळी घाबरून कोणतीही गोळी एकदम बंदही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी भूलशास्त्र आणि वेदनाशमन या क्षेत्रात काम करतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर याच कुळातली औषधे एकमेकांवर देऊन रुग्णाचा श्वास मंदावणे हे आमचे रोजचे काम आहे. फरक एवढाच की तिथे श्वासावर नजर ठेवायला आम्ही उशाशी उभे असतो, घरी रात्री एक वाजता कोणी नसते.

या यादीतली प्रत्येक चिठ्ठी स्वतंत्रपणे पाहिली तर तिच्यात मोठी चूक सापडणार नाही. ट्रामाडॉल दिवसाला ११२.५ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या बरेच आत, प्रेगाबालिन ७५, अगदी सौम्य मात्रा, अल्प्राझोलाम ०.५, हजारो घरांत असते तेवढेच. धोका आहे तो बेरजेत, आणि ती बेरीज करणारा माणूस तीन दवाखान्यांच्या मध्ये कुठेच नाही. हाडांच्या डॉक्टरांना आई "बीपी-शुगरच्या गोळ्या आहेत" एवढेच सांगते. झोपेची गोळी हे औषध आहे असे तिला वाटतच नाही, ती चहासारखी रोजची झालेली असते.

श्वासाचे गणित समजून घेऊ. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र पुढचा श्वास घ्यायला लावते. मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल, ब्युप्रेनॉर्फिन ही सगळी अफूच्या कुळातली, म्हणजे ओपिऑइड औषधे या केंद्राची कार्बन डायऑक्साइडबद्दलची संवेदनशीलता कमी-अधिक प्रमाणात घटवतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही बेन्झोडायझेपिन गटातली औषधे वेगळ्या वाटेने मेंदूला मंद करतात आणि घशाचे स्नायूही सैल पाडतात. त्यामुळे जीभ मागे पडते, घोरणे वाढते आणि आधीच उथळ झालेल्या श्वासाला वाटही अरुंद होते. एका औषधाने कमी केलेली भरपाईची ताकद दुसरे औषध काढून घेते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०१६ मध्ये या दोन गटांच्या एकत्र वापराबद्दल आपला सर्वांत कडक, चौकटीतला इशारा औषधांच्या माहितीपत्रकांवर छापायला लावला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये गॅबापेंटिन व प्रेगाबालिन यांच्याबद्दलही श्वास मंदावण्याचा वेगळा इशारा दिला. या दुसऱ्या इशाऱ्याची आपल्याकडे फारशी दखल घेतली गेलेली नाही. "नसांची गोळी" निरुपद्रवी समजली जाते, पण कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातील २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओपिऑइडबरोबर गॅबापेंटिन घेणाऱ्यांमध्ये ओपिऑइडशी संबंधित मृत्यूची शक्यता केवळ ओपिऑइड घेणाऱ्यांच्या सुमारे दीडपट आढळली होती.

आपल्या आईच्या बाबतीत दोन गोष्टी या बेरजेत आणखी भर घालतात. पहिली म्हणजे मूत्रपिंड. क्रिएटिनिन १.६ हा आकडा रिपोर्टवर "थोडा वाढलेला" दिसतो आणि तसाच सोडून दिला जातो. पण ७१ वर्षांच्या, ५२ किलो वजनाच्या स्त्रीसाठी नेहमीच्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब मांडला तर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे २६ मिलिलिटर येते. ही क्षमता ३० च्या खाली गेली की ट्रामाडॉलच्या दोन मात्रांमध्ये बारा तासांचे अंतर ठेवावे लागते, तर प्रेगाबालिन जवळजवळ संपूर्णपणे मूत्रावाटेच बाहेर पडत असल्यामुळे ७५ ची गोळी शरीरात त्याहून मोठ्या मात्रेसारखी वागते. (मेटफॉर्मिनचाही याच कारणाने फेरविचार व्हायला हवा, तो विषय वेगळा असला तरी त्याच भेटीत काढावा.) दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. संध्याकाळचे जेवण झाल्यावर नऊ-साडेनऊला ट्रामाडॉलची तिसरी गोळी, प्रेगाबालिन-नॉर्ट्रिप्टिलिन, अल्प्राझोलाम आणि सर्दीची गोळी एकाच घोटात घेतली जात असेल, तर साधारण एक ते तीन तासांत म्हणजे घरातले सगळे झोपलेले असताना यांतल्या बहुतेक औषधांचे रक्तातले प्रमाण एकाच सुमाराला शिगेला पोहोचते. बाथरूमकडे जाताना तोल गेला तो रात्रीच गेला, यात मला नवल वाटत नाही.

सर्दीच्या गोळीकडे कोणी औषध म्हणून पाहत नाही, म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द. अशा बहुतेक गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असते, जे स्वतःच गुंगी आणते आणि नॉर्ट्रिप्टिलिनबरोबर मिळून तोंड कोरडे पाडणे, लघवी अडणे, बद्धकोष्ठ आणि म्हाताऱ्या माणसांत गोंधळलेपणा हे सगळे वाढवते. त्यात बहुधा ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलही असते. तीन सर्दीच्या गोळ्यांचे १५०० आणि तीन दुखण्याच्या गोळ्यांचे ९७५ मिळून २४७५ मिलिग्रॅम होतात. त्यावर अंग मोडून आले म्हणून कोणी ६५० ची आणखी एखादी गोळी दिली की एवढ्या वजनाच्या वृद्ध व्यक्तीसाठी आपण तीन ग्रॅमच्या पलीकडे जातो. सर्दीची गोळी मात्र आजपासून बंद केली तर काहीच बिघडणार नाही. वाफ आणि मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब पुरेसे आहेत.

आता पेंगण्याबद्दल. आई पेंगताना दिसली की पहिली गोष्ट म्हणजे ग्लुकोमीटरने साखर पाहावी. ट्रामाडॉलमुळे काही रुग्णांत साखर उतरते, ग्लिमेपिराइडचा तर तोच स्वभाव आहे, आणि मूत्रपिंड मंद असेल व दुखण्यामुळे जेवण कमी झाले असेल तर ती आणखी सहज उतरते. साखर ७० च्या खाली असेल आणि आई नीट गिळू शकत असेल तर लगेच साखरपाणी द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे; गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नये. साखर ठीक असेल तर ती झोपलेली असताना, तिला न उठवता, छातीवर नजर ठेवून घड्याळाच्या पूर्ण एका मिनिटात किती श्वास होतात ते मोजावे. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नये, कारण या औषधांनी श्वास अनियमित होतो, मध्येच दहा-पंधरा सेकंद थांबतो आणि मग एक मोठा घोट घेतल्यासारखा येतो. बारा ते वीस ही नेहमीची पट्टी आहे. दहाच्या खाली आकडा जात असेल, पूर्वी नव्हते असे घोरणे किंवा घशात घरघर सुरू झाली असेल, किंवा हाक मारून, खांदा हलवूनही ती धड जागी होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. कोविडनंतर घरोघरी आलेले बोटाचे ऑक्सिमीटर या बाबतीत खोटा दिलासा देते: कार्बन डायऑक्साइड आधी साचतो, ऑक्सिजन नंतर उतरतो, आणि घरी ऑक्सिजन लावलेला असेल तर तो आकडा बराच वेळ चांगलाच दिसत राहतो.

एस्सिटालोप्रामचा प्रश्न निराळा आहे, कारण तिथे भीती गुंगीची नसून उलट उत्तेजनाची आहे. ट्रामाडॉल हे नुसते ओपिऑइड नाही. ते मेंदूतील सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन ही संदेशवाहक रसायनेही वाढवते. एस्सिटालोप्रामही सेरोटोनिन वाढवते, आणि नॉर्ट्रिप्टिलिन थोडीफार भर घालते. हे तिन्ही एकत्र असलेले बहुतेक रुग्ण प्रत्यक्षात ठीक राहतात, त्यामुळे हे वाचून कोणी रात्रीची झोप उडवून घेऊ नये. पण एखाद्या औषधाची मात्रा वाढवल्यावर किंवा नवीन औषध आल्यावर एक-दोन दिवसांत हातापायांना कंप, घाम, जुलाब, अस्वस्थपणा, ताप आणि पाऊल वर दाबले असता घोटा आपोआप थडथडत राहणे अशी लक्षणे दिसली तर ते सेरोटोनिनचे विषारी प्रमाण असू शकते आणि ही घरी थांबण्याची वेळ नव्हे. ट्रामाडॉल फिट येण्याचा उंबरठाही खाली आणते, आणि या गटातली नैराश्याची औषधे त्यात भर घालतात. पूर्वी कधी फिट आली असेल तर ट्रामाडॉल नकोच.

सेरोटोनिनच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या घरांसाठी महत्त्वाचे औषध म्हणजे लिनेझोलिड. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या उपचारात ते आता नियमित वापरले जाते, आणि ते सेरोटोनिन मोडणाऱ्या मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) अडवत असल्यामुळे ट्रामाडॉलबरोबर द्यायचे नसते. पार्किन्सनसाठी दिले जाणारे सेलेजिलिन आणि रासाजिलिन यांनाही हेच लागू होते. क्षयावरचेच दुसरे औषध रिफॅम्पिसिन मात्र उलट दिशेने त्रास देते: ते यकृतातील विकरे इतकी वाढवते की ट्रामाडॉल, फेंटानिल, ऑक्सिकोडोन यांचा परिणाम भराभर संपतो, दुखणे परत येते आणि मात्रा वाढवली जाते. सहा महिन्यांनी रिफॅम्पिसिन थांबते, साधारण दोन आठवड्यांत विकरे मूळ पदावर येतात, आणि वाढवलेली मात्रा मात्र तशीच राहिलेली असते. दुखण्यासाठी काहीही नवीन घेतलेले नसताना रुग्ण गुंगीत जातो तो अशा वेळी. क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोल, फ्लुकोनाझोल ही औषधे याच्या नेमकी उलट, म्हणजे विकरे अडवून फेंटानिलचे प्रमाण पहिल्या काही दिवसांतच वाढवणारी आहेत. फेंटानिलचा पॅच लावलेल्या व्यक्तीला नायट्यासाठी इट्राकोनाझोल सुरू करताना त्वचेच्या डॉक्टरांना पॅचबद्दल सांगितलेच पाहिजे. कोडीन आणि काही अंशी ट्रामाडॉल यांना यकृतात रूपांतर झाल्यावरच खरी ताकद येते, आणि फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन ही नैराश्यावरची औषधे ते रूपांतरच रोखतात. अशा रुग्णाला गोळीने गुणच येत नाही आणि लोक म्हणतात की हिला सवय झाली.

रक्त पातळ करणारी गोळी, म्हणजे वॉरफरिन किंवा आपल्याकडे जास्त वापरात असलेले अॅसिनोकुमारॉल, चालू असेल तर ट्रामाडॉल सुरू केल्यावर आठवडाभरात आयएनआर (रक्त किती पातळ झाले आहे ते सांगणारी तपासणी) पुन्हा तपासून घ्यावा. कंबरेसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांपैकी टिझानिडिन गुंगी आणते आणि रक्तदाब उतरवते. त्यावर लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन दिले गेले तर टिझानिडिनचे रक्तातले प्रमाण कित्येक पटींनी वाढते, म्हणून ही जोडी निषिद्ध मानली जाते. ओपिऑइड आणि स्नायू सैल करणारे औषध एकाच गोळीत घालण्याचा प्रकार किती थराला जाऊ शकतो ते पश्चिम आफ्रिकेत दिसले: टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या भारतातून गेलेल्या एकत्रित गोळ्यांचा तिथे नशेसाठी वापर होत असल्याचे उघड झाल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी अशा गोळ्यांच्या निर्यातीच्या परवानग्या मागे घ्यायला लावल्या.

कर्करोगासाठी मॉर्फिन घेणाऱ्यांच्या घरी हे उत्तर वाचले जाईल, म्हणून त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. मॉर्फिनबरोबर डायक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅक यांसारखी वेदनाशामके जोडल्याने गुंगी थेट वाढत नाही. पण उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालेले असताना ती मूत्रपिंडाला दणका देतात, मॉर्फिनपासून बनलेले सक्रिय अवशेष मूत्रावाटे बाहेर पडेनासे होतात आणि दोन-तीन दिवसांत रुग्ण झोपाळू होतो, हातपाय अधूनमधून झटके देऊ लागतात. दुसरी गोष्ट गावाकडच्या नर्सिंग होममध्ये रात्री-अपरात्री दिल्या जाणाऱ्या फोर्टविन-फेनरगनच्या इंजेक्शनची. फोर्टविन म्हणजे पेंटाझोसिन हे ओपिऑइडच असले तरी नियमित मॉर्फिनवर असलेल्या रुग्णात ते मॉर्फिनला त्याच्या जागेवरून हुसकावते. दुखणे कमी होण्याऐवजी घाम, थरथर, उलट्या आणि पूर्वीपेक्षा भयंकर वेदना सुरू होतात. मॉर्फिनची चिठ्ठी अशा वेळी खिशात नसेल, तर तिथल्या डॉक्टरांना हे कळायला मार्ग नसतो.

दारूबद्दल मोठे लिहायला नको: ओपिऑइड चालू असताना ती पूर्ण वर्ज्य, "फक्त एक पेग"सुद्धा. होळीची भांगही त्याच खात्यात धरावी. आयुर्वेदिक आसवे-अरिष्टे यांत स्वनिर्मित मद्यार्क थोडासा असतो. चार चमच्यांनी श्वास थांबत नाही, पण औषधांच्या यादीत त्यांचे नाव लिहावे. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांबद्दल मात्र मी कठोर आहे, कारण त्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामके मिसळलेली सापडलेली आहेत आणि आत काय आहे ते माहीत नसताना बेरीज करताच येत नाही.

मग आता करायचे काय? घरातली सगळी औषधे, चालू आणि अर्धवट राहिलेली, स्ट्रिपसकट एका पिशवीत घालावीत आणि एकाच डॉक्टरांसमोर टेबलावर ओतावीत. ते आपले फॅमिली डॉक्टर असले तरी चालतील. त्यांनी बाकीच्या दोघांशी फोनवर बोलून घ्यावे, हे बोलणे आपण निरोप्यासारखे इकडून तिकडे नेऊ नये. अल्प्राझोलाम कमी करणे हा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा फायद्याचा बदल आहे, पण वर्षानुवर्षे चालू असलेली ही गोळी एकदम थांबवली तर झोप उडणे, धडधड आणि प्रसंगी फिटसुद्धा येऊ शकते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी करत ती काही महिन्यांत उतरवावी लागते. ट्रामाडॉलही नियमित घेतल्यावर अचानक बंद करायचे नसते. दरम्यान गुंगी आणणारी औषधे एकाच घोटात घेऊ नयेत यासाठी त्यांच्या वेळा कशा फोडायच्या ते विचारून घ्यावे, आणि बद्धकोष्ठासाठी रेचक चालू आहे ना ते पाहावे. ओपिऑइडबरोबर ते लागतेच, नुसते इसबगोल आणि कमी पाणी या जोडीने उलट आतडी अडतात. ट्रामाडॉल आणि अल्प्राझोलाम ही दोन्ही औषधे एच-१ अनुसूचीत आहेत, त्यांची नोंद केमिस्टला वेगळ्या वहीत तीन वर्षे ठेवावी लागते, आणि ट्रामाडॉल तर एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आले आहे. दोन्ही औषधे नेहमी एकाच दुकानातून घेतली तर ती जोडी कोणाच्या तरी नजरेला पडते. यावेळी ती पडली.

पॅचची कल्पना मुळात वाईट नाही. ब्युप्रेनॉर्फिनचा निचरा मुख्यतः यकृतातून होतो, त्यामुळे मंद मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते ट्रामाडॉलपेक्षा बरे पडते, आणि एकटे असताना श्वास मंदावण्याला त्यात बऱ्याच अंशी वरची मर्यादा असते. बेन्झोडायझेपिन सोबत असले की ती मर्यादा भरवशाची राहत नाही. म्हणून क्रम असा असावा: आधी अल्प्राझोलाम उतरवणे आणि प्रेगाबालिनची मात्रा मूत्रपिंडाप्रमाणे ठरवणे, मग ट्रामाडॉल काढून त्याच्या जागी ताशी ५ मायक्रोग्रॅमचा सर्वांत लहान पॅच. ट्रामाडॉलच्या जोडीला पॅच, असे नव्हे. पॅचचा पूर्ण परिणाम दिसायला तीन दिवस लागतात, तोवर "काहीच फरक नाही" म्हणून दुसरा लावू नये. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, कारण उष्णतेने औषध जास्त वेगाने आत जाते. आणि काढल्यानंतरही त्वचेत साठलेले औषध अर्ध्यावर यायला बारा तासांच्या आसपास, कधी अधिक वेळ लागतो.

आई उठत नसेल आणि श्वास मंद असेल तर तिला कुशीवर वळवून, हनुवटी थोडी वर करून १०८ ला फोन करावा आणि औषधांची पिशवी बरोबर न्यावी. पॅच लावलेला असेल तर तो ओढून काढावा. तोंडात लिंबूपाणी, कॉफी असे काही ओतू नये. रुग्णालयात नॅलोक्झोनचे इंजेक्शन दिले जाते. त्याने ओपिऑइडचा परिणाम उलटतो, अल्प्राझोलामचा नाही. ट्रामाडॉलचा अंशतःच उलटतो आणि ब्युप्रेनॉर्फिनसाठी जास्त मात्रा लागते. शिवाय नॅलोक्झोनचा स्वतःचा परिणाम बहुधा तास-दीड तासात ओसरतो, गोळीचा किंवा पॅचचा त्याहून पुष्कळ उशिरा, आणि त्यामुळे डोळे उघडून बोलू लागलेला रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. आई जागी झाली, ओळखू लागली, तरी त्या रात्री तिला घरी आणण्याची घाई करू नये. निदान दुसऱ्या दिवसापर्यंत तिचा श्वास मोजत राहणारे कोणीतरी तिच्याजवळ असावे, आणि ते रुग्णालयातलेच असावे.